साडेचार किलोचं कुत्रं, दोनशे किलोमीटरचा रस्ता आणि मे महिन्याचं ऊन

प्रश्न असा आहे: आर्णी तालुक्यातल्या गावातून मे महिन्यात लग्नासाठी नागपूरला जायचं आहे. गाडी वॅगन आर. सोबत दोन वर्षांची, साडेचार किलोची पॉमेरियन मादी. आजवर ती आईच्या मांडीवर बसून, खिडकीबाहेर तोंड काढून यवतमाळपर्यंत जायची आणि वाटेत ओकायची. एवढ्या लांब, एवढ्या उन्हात तिला सुरक्षित कसं न्यायचं?

आधी मांडीचं बोलू, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. कुत्रं लहान आहे, हातात मावतं, म्हणून ते हाताने धरून ठेवता येईल असं वाटतं. पण ताशी ५० किलोमीटरने चाललेली गाडी कशाला तरी धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर साडेचार किलोच्या कुत्र्याला जागेवर धरून ठेवायला साठ-पासष्ट किलोचा जोर लागतो. म्हणजे तुरीचं भरलेलं कट्टं अंगावर फेकलं गेलं आणि ते बसल्या जागी झेलायचं. ते कुणालाच जमत नाही, पैलवानालाही नाही. हात सुटतात, कुत्रं पुढच्या सीटवर नाहीतर काचेवर आदळतं, आणि तो आघात साधारण दहा मीटरवरून, म्हणजे तीन मजली घराच्या गच्चीवरून पडल्यासारखा असतो. धरणाऱ्याने बेल्ट लावलेला नसेल तर त्याचं स्वतःचं वजनही मागून त्याच जिवावर येतं.

धडक क्वचित होते, करकचून ब्रेक मात्र दर फेरीत लागतो. आर्णी, यवतमाळ, कळंब, देवळी, वर्धा, बुटीबोरी हा रस्ता आता रुंद झाला आहे, वेग वाढला आहे. त्यावर पहाटे रोही (नीलगाय) आडवी येते, रानडुकरांची रांग येते, सांजेला गुरं घरी परततात, आणि मागचा दिवा नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली अंधारात एकदम समोर उभी राहते. अशा ब्रेकला मांडीवरचं कुत्रं घसरून खाली पडतं, घाबरून पुढे पळतं आणि ड्रायव्हरच्या पायात जातं. ब्रेकच्या पेडलखाली कुत्रं अडकलं की गाडीतल्या सगळ्यांचाच जीव धोक्यात येतो. म्हणून ‘आम्ही हळूच चालवतो’ हे मांडीवर घेण्याचं कारण होऊ शकत नाही.

पुढच्या सीटवर तर मुळीच नको. एअरबॅग डोळ्याची पापणी लवण्याच्या आत फुगते, आणि ती मोठ्या माणसाची छाती अडवण्याच्या ताकदीने फुगते. साडेचार किलोच्या जिवाची मान त्यात राहत नाही. पेटीत ठेवलेलं असेल तरी पेटीसकट चिरडतं. जुन्या गाडीत त्या बाजूला एअरबॅग नसेल, पण तिथे डॅशबोर्ड आहेच.

मग जागा कोणती? लहान कुत्र्यासाठी सगळ्यांत चांगली जागा म्हणजे पुढच्या सीटच्या मागे, खाली, जिथे मागच्या प्रवाशाचे पाय असतात ती. तिथे बंद पेटी ठेवायची आणि पुढची सीट मागे सरकवून ती पेटी पुढची सीट आणि मागची सीट यांच्यात घट्ट बसवायची. ड्रायव्हरच्या मागे नको, शेजारच्या सीटच्या मागे, कारण ड्रायव्हरची सीट त्याच्या पायांच्या लांबीने ठरते, पेटीच्या मापाने नाही. पेटी आडवी बसते, त्यामुळे आत झोपलेल्या कुत्र्याची कूस पुढच्या भिंतीला असते आणि धक्का डोक्या-मानेऐवजी सगळ्या अंगावर वाटला जातो. उडायला अंतरच नसतं, हा खरा फायदा.

ही पेटी सीटवर ठेवून तिला सीटबेल्ट गुंडाळणं बऱ्याच घरांत दिसतं. ते सुरक्षित वाटतं, पण साध्या प्लास्टिकच्या पेटीला धडकेच्या वेळी बेल्टच मधोमध दाबून फोडतो. पेटी बनवणाऱ्याने बेल्टसाठी वेगळी खाच दिली असेल आणि तशी धडक-चाचणी केल्याचं सांगितलं असेल, तरच बेल्ट लावा. नाहीतर खालची जागा बरी.

पेटी आणायच्या आधी टेप घेऊन दोन मापं काढा. पहिलं कुत्रीचं: नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी, आणि उभी असताना जमिनीपासून कानाच्या टोकापर्यंत उंची. लांबीत दहा सेंटिमीटर आणि उंचीत पाच मिळवा. साडेचार किलोच्या पॉमेरियनला बहुतेक वेळा ४५ ते ५० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० ते ३५ उंच पेटी पुरते. तिला आत उभं राहता, वळता आणि पाय मुडपून झोपता आलं पाहिजे, एवढंच. त्याहून मोठी पेटी घेऊ नका. ऐसपैस पेटीत ब्रेकच्या वेळी कुत्रं एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटतं. दुसरं माप गाडीचं: पुढची सीट पूर्ण मागे नसताना खाली किती खोली मिळते, दारापासून मधल्या उंचवट्यापर्यंत किती रुंदी मिळते. दुकानात गेल्यावर अंदाजाने घेतलेली पेटी घरी आल्यावर दारातून आतच जात नाही, हे नेहमीचं आहे. अल्टोसारख्या लहान गाडीत हे माप आणखी जपून घ्या.

दोन भाग एकमेकांवर बसणारी कडक प्लास्टिकची पेटी घेतली तर ते भाग नट-बोल्टने जोडलेले असावेत. नुसत्या खटक्यांवर बसलेली पेटी धक्क्याने उघडते. दार लोखंडी जाळीचं असावं, आणि किमान तीन बाजूंना हवेच्या फटी असाव्यात. कापडी बॅग हलकी आणि स्वस्त मिळते, ब्रेकपुरती ती चालते, मोठ्या धडकेत तिची शिवण उसवते. तळाशी जुनी सुती चादर घडी घालून दाबून बसवा, दोन-तीन सेंटिमीटर जाड, घसरणार नाही अशी. तशीच एक घडी पुढच्या भिंतीला लावा. मऊ गादी नको, तिच्यावर पाय ठरत नाहीत. गळ्यातला पट्टा, घुंगरू, लोंबणारी दोरी आत जाण्यापूर्वी काढा, कारण जाळीत अडकून फास बसतो. पेटीच्या आत पट्ट्याला धरून बांधणं तर अजिबात नको.

ओम्नी किंवा ईको असेल तर वरचा सल्ला तसाच्या तसा वापरू नका. त्या गाड्यांत इंजिन पुढच्या सीटखाली असतं, आणि लगेच मागची फरशी तासाभरात चांगलीच तापते. हात टेकवून पाहा. दहा सेकंद हात ठेववत नसेल तर पेटीखाली लाकडी फळी आणि त्यावर घोंगडी टाका, किंवा पेटी तिसऱ्या रांगेसमोर हलवा. बोलेरोत मधल्या सीटसमोर जागा भरपूर आहे, तिथे ठेवा. मागे समोरासमोर असलेल्या आडव्या बाकांवर कुत्रं किंवा पेटी नको, तिथे धक्क्याला अडवणारं काहीच नसतं आणि मागचं दार जवळ असतं. डिकीही नको. मागून धडक बसली की तो भाग पहिला दबतो, आणि हवा तिथे पोचत नाही.

पेटी मिळाली नाही, तर आपल्याकडे संत्र्या-टोमॅटोचं प्लास्टिकचं कॅरेट घरोघरी असतं, ते नाइलाज म्हणून चालेल. पण उघडं नाही. वरून जाड जाळी ताणून, चारही बाजूंच्या भोकांतून नायलॉनची दोरी फुलीसारखी ओवून घट्ट बांधा. नुसता दुपट्टा टाकला तर पहिल्याच ब्रेकला कुत्रं दुपट्ट्यासकट बाहेर येतं. बाजारात मिळणारं कॅरेट साधारण ५४ बाय ३६ सेंटिमीटर असतं आणि लहान गाडीत खाली आडवं मावेलच असं नाही. पुठ्ठ्याचं खोकं मात्र नको. ते ओलं झालं की बूड सुटतं.

काही कुत्री पेटीत राहतच नाहीत, भुंकून-ओरबाडून जीव अर्धा करतात. त्यांच्यासाठी दुसरा मार्ग हार्नेसचा. छातीभोवती बसणारा, रुंद पट्टीचा, मागच्या सीटवर बेल्टला जोडलेला. गळ्यातल्या पट्ट्याला दोरी बांधून ती बेल्टला लावणं म्हणजे धडकेच्या वेळी मान मोडण्याची सोय आहे. त्यातही पॉमेरियन, यॉर्कशायर, चिवावा यांची श्वासनळी जात्याच नाजूक असते, गळ्यावर ताण आला की ती चपटी होते आणि हंसासारखा कोरडा खोकला सुरू होतो. अशा जातीला घरातल्या फेरफटक्यालाही हार्नेसच वापरावा.

हार्नेस निवडताना पट्टीची रुंदी किमान दोन-अडीच सेंटिमीटर, छातीवर मऊ अस्तर, शिवण दुहेरी, आणि पाठीवरची कडी वेल्ड केलेली लोखंडी. तोंड नुसतं वाकवून जुळवलेली कडी ताण पडला की उघडते. प्लास्टिकची बकलं असतील तर ती छातीवर ताण येणाऱ्या जागी नसावीत. घरी एक सोपी परीक्षा करता येते: हार्नेस छताच्या कडीला अडकवा आणि त्याला २५ किलो धान्य भरलेली पिशवी एक मिनिट टांगा. तेवढं न पेलणारा हार्नेस साठ किलोचा झटका पेलणार नाही हे तिथेच कळतं. पेलला म्हणून तो धडकेत टिकेल, असं मात्र त्यातून सिद्ध होत नाही. ही फक्त वाईट माल बाजूला काढायची चाळणी आहे. पाकिटावर ‘क्रॅश टेस्टेड’ लिहिलेलं असलं तर कुणी केलेली चाचणी, किती किलोच्या कुत्र्यासाठी, हे विचारा. अमेरिकेतली सेंटर फॉर पेट सेफ्टी ही संस्था अशा चाचण्या करते. उत्तर देता येत नसेल तर तो नुसता छापलेला शब्द आहे.

घातल्यावर पट्टी आणि अंग यांत दोन बोटं जावीत, तीन नकोत. पॉमेरियनचे केस दाट असल्याने घट्ट वाटतो आणि खरं म्हणजे ढिला असतो. केस बाजूला सारून कातडीशी बोट घाला. काखेत घासतोय का ते अर्ध्या तासाने पाहा. बेल्टला जोडणारी पट्टी अशी आखूड हवी की तिला बसता-झोपता येईल, पण सीटच्या कडेपर्यंत पोचता येणार नाही. एवढ्या कुत्रीला वीस-पंचवीस सेंटिमीटर पुरे. लांब ठेवली तर ब्रेकला ती सीटखाली लोंबते. रबरासारखी ताणणारी पट्टी घेऊ नका. ती ताणली की कुत्रं पुढच्या सीटपर्यंत जातं आणि मग उलट झेप घेऊन मागे येतं. बकलात अडकवायचा खटका येतो, त्याच्यावर कुत्र्याचा पंजा पडला तर लाल बटण दाबलं जातं, म्हणून शक्य असेल तिथे गाडीचा बेल्टच हार्नेसच्या पाठीवरच्या फासातून ओवून बकलात लावा. चाव्यांना लावतो ती छोटी कडी जोडायला कधीच वापरू नका.

खिडकीबाहेर तोंड. तिला आवडतं, हे खरं आहे. पण आपल्या रस्त्यांवर हवेत खडी आहे, कुटाराच्या गाडीतून उडणारं भूस आहे, कापसाचे तंतू आहेत. डोळ्याच्या बुबुळावर ओरखडा पडायला एक कण पुरतो. शिवाय समोरून बाइक घासून जाते. काच दोन-तीन सेंटिमीटरच्या वर उघडू नका, आणि पॉवर विंडो असेल तर ड्रायव्हरकडचं लॉक दाबून ठेवा, कारण कुत्र्याचा पंजा बटणावर पडून काच वर-खाली होते आणि मान अडकते. मागच्या दारांचं चाइल्ड लॉकही लावा.

आता ऊन. विदर्भात कुत्र्याच्या प्रवासातला सगळ्यांत मोठा धोका धडकेचा नाही, उन्हाचा आहे. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, नागपूर इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणं नवीन नाही, आणि मेअखेरच्या नवतप्यात रात्रही निवत नाही. कुत्र्याच्या अंगाला माणसासारखा घाम येत नाही. थोडा पंजांच्या तळव्यांना येतो, बाकी सगळी उष्णता धापा टाकून जिभेवरून बाहेर टाकायची. बाहेरची हवाच अंगाइतकी गरम झाली की धापांचा उपयोग कमी होतो. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ असतं. ४० च्या वर गेलं की काळजी, ४१ च्या वर उष्माघात. पग, शिहत्झू अशी चपट्या नाकाची कुत्री आणि लठ्ठ कुत्री आणखी लवकर कोसळतात.

उभ्या बंद गाडीचं गणित डोक्यात पक्कं ठेवा. आतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांत दहा-एक अंशांनी आणि अर्ध्या तासात वीसेक अंशांनी चढतं. बाहेर ४२ असेल तर मंगल कार्यालयात अक्षता टाकून येईपर्यंत आत पन्नासच्या वर जातं. काच चार बोटं उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. सावलीत लावल्याने थोडा पडतो, पण सावली सरकते. इंजिन चालू ठेवून एसीत ठेवायचं तर इंजिन बंद पडलं, कॉम्प्रेसर कापला गेला, हे कुणाला कळणार? तेव्हा सरळ नियम: कुत्रं गाडीत असेल तर माणूसही गाडीत. नाहीतर कुत्रं माणसासोबत बाहेर. लग्नात तिची राहायची सोय कुणाच्या घरी, कुलरसमोर, आधीच ठरवून ठेवा. डीजे आणि फटाक्यांच्या आवाजाने घाबरून पळालेली कुत्री परक्या शहरात सापडत नाहीत, म्हणून कार्यालयात नेऊच नका. पेटीबाहेर असताना गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर कोरलेला बिल्ला हवा, आणि पेटीवरही मोठ्या अक्षरांत तोच नंबर.

निघायची वेळ पहाटे साडेचार-पाच. चार-साडेचार तासांचा रस्ता धरला तर नऊच्या आसपास नागपुरात. परतताना संध्याकाळी सहानंतरच. उन्हात उभी गाडी असेल तर आधी चारही दारं उघडून पाच मिनिटं एसी चालवा, मग बेल्टचं लोखंडी बकल आणि सीट हाताने तपासा, मगच तिला बसवा. मागच्या सीटला एसीची वेगळी जाळी नसलेल्या गाडीत थंड हवा वरच्या वर राहते आणि खाली पेटीपर्यंत पोचत नाही. हवेची कळ चेहरा आणि पाय या दोन्हींकडे लावा आणि शेजारची पुढची सीट फार खाली नको, म्हणजे सीटखालून वाट राहते. पेटीच्या दारात हात घालून पाहा, आत झुळूक जाणवली पाहिजे. ज्या काचेतून ऊन पेटीवर येतं तिथे जाळीचा पडदा लावा. पेटीच गुंडाळून टाकू नका.

एसी नसेल किंवा वाटेत बिघडला तर ओलं कापड कामाचं, पण कुठे लावता ते महत्त्वाचं. पेटीभोवती ओलं कापड गच्च गुंडाळलं की आत दमट कोंडवाडा होतो. त्याऐवजी तिचं पोट, काखा, पंजे आणि कान ओले करा आणि वाऱ्याचा झोत त्यावर येऊ द्या. आपला कुलर ज्या तत्त्वावर चालतो तेच: कोरडी हवा ओल्या अंगावरून वाहिली की थंडावा. मे महिन्यात आपली हवा कोरडी असते म्हणून हे छान चालतं. जुलैच्या दमट दिवसांत तेवढं चालत नाही, हेही ध्यानात ठेवा. भरदुपारी मात्र विनाएसी गाडीत पॉमेरियन नेऊच नये, काहीही ओलं केलं तरी.

एक गैरसमज इथेच सांगतो. उन्हाळा लागला की पॉमेरियनला भादरून काढतात. तिचे वरचे केस उन्हापासून आडोसा करतात, आणि भादरल्यावर ते अनेकदा नीट परत येत नाहीत. आतली मऊ लव कंगव्याने रोज विंचरून काढा, त्याने हवा खेळते. पोटाखालचे केस थोडे कमी केले तर चालतात.

पाणी किती? साधारण किलोमागे दिवसाला ६० मिली, म्हणजे तिला २७०-३०० मिली. उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट धरा. पण अंगावर ओतायला वेगळं पाणी हवं, किमान चार लिटर. प्लास्टिकच्या बाटल्या गाडीत तापतात, म्हणून थर्मासमध्ये किंवा जुन्या पद्धतीच्या छागलीत ठेवा, नाहीतर बाटलीला ओला सुती कपडा गुंडाळा.

उष्माघाताची पहिली खूण म्हणजे थांबतच नाहीत अशा मोठ्या आवाजाच्या धापा आणि चिकट, तार येणारी लाळ. हिरड्या विटकरी लाल होतात. मग चाल लटपटते, ओकारी, कधी रक्तासह जुलाब, आणि शेवटी आडवी पडते. लटपटायच्या आधीच गाडी थांबवा. सावलीत घ्या, डोक्यापासून शेपटीपर्यंत, विशेषतः पोटाला आणि काखांत, भडाभडा पाणी ओता आणि सोबत वारा घाला. दुपट्टा, पुठ्ठा, गाडीचा एसी, जे असेल ते. बर्फ शोधण्यात वेळ घालवू नका, साधं पाणी लगेच मिळालेलं बरं. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो गरम होऊन उलट उष्णता कोंडतो. शुद्धीत असेल तर पाणी समोर धरा, तोंडात ओतू नका, फुप्फुसात जाईल. गाडीत डिजिटल थर्मामीटर ठेवा, टोकाला तेल लावून गुदद्वारात मोजा. ३९.५ ला आलं की ओतणं थांबवा, कारण पुढे ते आपोआप आणखी उतरतं. आधी थंड करायचं, मग दवाखान्यात न्यायचं, हा क्रम उलटा करू नका. चाळीस मिनिटांच्या रस्त्यात तापलेलं शरीर मेंदू-मूत्रपिंड खराब करून टाकतं. आणि बरी दिसली तरी डॉक्टरला दाखवाच. मूत्रपिंडाचा आणि रक्त गोठण्याचा बिघाड एक-दोन दिवसांनी वर येतो.

ओकारीवर येऊ. कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला हेलकावे मानवत नाहीत, आणि भीतीची त्यात भर पडते. ओकण्याआधी ती ओठ चाटते, जांभया देते, लाळ गळते. तेव्हाच थांबून दहा मिनिटं जमिनीवर फिरवलं तर पुष्कळदा टळतं. निघायच्या चार ते सहा तास आधी जेवण बंद. पहाटे निघायचं असल्याने हे सोपं आहे, रात्री आठला अर्धं जेवण द्या. पाणी तोडू नका, थोडं थोडं द्या. सहा महिन्यांखालच्या लहान जातीच्या पिल्लाला मात्र इतका वेळ उपाशी ठेवू नका, त्याची साखर घसरते, ते लुळं पडतं. तसं झालं तर हिरड्यांना मध किंवा गुळाचं घट्ट पाणी चोळा आणि दवाखाना गाठा. गाडीतली उग्र वासाची अत्तराची डबी काढून टाका, ती माणसापेक्षा कुत्र्याला कितीतरी जास्त जाणवते.

औषध लागणार असेल तर पशुवैद्यकाकडून मॅरोपिटंट लिहून घ्या. वजनावर मात्रा ठरते आणि निघण्याच्या किमान दोन तास आधी द्यावं लागतं. प्रवासाच्या दिवशी पहिल्यांदा देऊ नका, आधी एखाद्या छोट्या फेरीत देऊन पाहा. माणसांच्या गोळ्या स्वतःच्या मनाने नकोत. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन हे कुत्र्याला विषारी ठरतात. झोपेचं औषध मागण्याचा मोह होतो, पण त्यातली काही औषधं रक्तदाब उतरवतात आणि शरीराची उष्णता सांभाळायची ताकद कमी करतात. मे महिन्यात ते उलटतं.

आणि सवय. पेटीची सवय प्रवासाच्या दिवशी लागत नाही, पंधरा दिवस लागतात. पहिले तीन-चार दिवस दार काढून पेटी घरात, ती नेहमी झोपते तिथे ठेवा आणि जेवण आत द्या. मग दार लावून पाच, दहा, वीस मिनिटं. मग गाडीत पेटी, इंजिन बंद. मग इंजिन चालू, गाडी जागेवर. मग गावाच्या वेशीपर्यंत आणि परत. मग दहा किलोमीटर. एखादी पायरी बिघडली, रडारड झाली, तर मागची पायरी दोन दिवस पुन्हा. रडत असताना दार उघडू नका, क्षणभर शांत झाली की उघडा, नाहीतर रडलं की सुटका होते एवढंच ती शिकते. गाडी म्हणजे फक्त इंजेक्शन अशी गाठ बसू नये म्हणून एकदोनदा वावरात फिरायला नेऊन आणा.

वाटेत दर दोन तासांनी थांबा. नियम एकच: आधी दोरी, मग दार. पेटीचं दार उघडायच्या आधी गाडीची दारं बंद, पेटीतून काढताच हार्नेस घालून त्याला दोरी, दोरीचं टोक मनगटात, मगच गाडीबाहेर. ढाब्यापाशी गावची कुत्री असतात, त्यांच्या टोळीत साडेचार किलोचं कुत्रं सापडलं तर सोडवता येत नाही. लस अपुरी असलेल्या पिल्लाला तर ढाब्याच्या जमिनीवर ठेवूच नका, पार्वो या जुलाब-ओकारीच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. डांबरावर तळहात सात सेकंद ठेववत नसेल तर तिचे पंजेही भाजतील.

पावसाळ्यात आणि पुढे दिवाळीपर्यंत रस्त्याच्या कडेच्या पऱ्हाटीत (कपाशीत), धुऱ्यावर तिला सोडू नका. फवारणीच्या दिवसांत पानांवर, डबक्यात आणि फेकलेल्या रिकाम्या डब्यांत विष असतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकऱ्यांचे जीव गेले. तेच औषध चार पायांवर जमिनीलगत चालणारं, पंजे चाटणारं लहान कुत्रं थेट पोटात घेतं. लाळेचा लोट, बारीक झालेली बाहुली, थरथर, जुलाब दिसले तर अंग साबणाने धुवा, स्वतः हातमोजे किंवा पिशवी घालून, आणि लगेच दवाखाना गाठा. जमल्यास औषधाच्या डब्याचा फोटो सोबत न्या. गवतातून आल्यावर कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड पाहून घ्या.

निघायच्या आधी कागदावर नंबर लिहून गाडीत ठेवा: तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना, यवतमाळ आणि वर्ध्यातला प्रत्येकी एक कुत्र्यांचा डॉक्टर, आणि नागपुरात सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. फोन आधी करून ठेवा, कारण तालुक्याला बहुतेक काम बैल-शेळ्यांचं असतं आणि लहान कुत्र्यासाठीची बारीक सुई, सलाईनची सोय असेलच असं नाही. रेबीजची लस चालू वर्षाची असावी, तिचं पुस्तक सोबत.

अपघात झालाच तर जखमी कुत्रं मालकालाही चावतं, वेदनेने. गॉजच्या पट्टीचा सैल फास तोंडाभोवती घालून मानेमागे बांधा. ओकत किंवा धापा टाकत असेल तर तोंड बांधू नका. उचलताना मान-पाठ सरळ राहील असं फळीवर किंवा पेटीच्या अर्ध्या तळावर घ्या. हिरड्या पांढऱ्या पडत असतील तर आत रक्तस्राव होत असू शकतो, तिथे मलमपट्टीत वेळ घालवू नका. आणि बरी दिसली तरी ती पेटी किंवा तो हार्नेस पुन्हा वापरू नका. प्लास्टिकला बारीक तडा आणि शिवणीला न दिसणारा ताण बसलेला असतो, पुढच्या वेळी ते तिथूनच फाटतं.